फोनवर स्टॉप मोशन: सगळं येऊन अडतं एक्स्पोजर लॉकपाशी

स्टॉप मोशन म्हणजे पात्र थोडं थोडं हलवत एकेक फोटो (फ्रेम) काढायचा आणि ते फोटो भराभर पळवून फिल्म करायची. गेल्या एका अपडेटनंतर माझ्या स्टॉप मोशन अ‍ॅपमधला एक्स्पोजर लॉक, म्हणजे सगळ्या फोटोंत उजेड एकाच पातळीवर धरून ठेवणारा लॉक, टिकेनासा झाला आणि अर्ध्यावर आलेला सीन टाकून द्यावा लागला. लॉक लावायचा, थोड्या फ्रेम घ्यायच्या, मध्ये पात्राचा हात नीट बसवण्यात वेळ गेला की स्क्रीन मंद व्हायची, आणि ती परत उजळेपर्यंत लॉक सुटलेला असायचा. वरचं कुलपाचं चिन्ह मात्र तसंच. चिन्ह सांगतंय सगळं जागच्या जागी आहे आणि आत कॅमेरा आपल्या मर्जीने उजेड कमी-जास्त करतोय. माझा राग आहे तो यावर. लॉक सुटलाय असं सरळ दाखवलं असतं तर मी तिथेच थांबले असते.

तरी हा अनुभव नुसता तक्रारीचा नाही. कित्येक महिने फोन स्टँडला लावून क्लेची आणि कागदाची पात्रं हलवल्यावर माझं मत पक्कं झालंय की घरच्या घरी स्टॉप मोशन करायला फोन पुरेसा आहे. काही बाबतींत तर तो मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सरस ठरतो, त्याबद्दल पुढे लिहिते. अट एकच: फोनने स्वतःची अक्कल चालवता कामा नये. माझी फिल्म सेकंदाला १२ फ्रेमची असते, आणि ओनियन स्किन म्हणजे नव्या फ्रेमवर मागची फ्रेम पुसट दाखवणारी सोय, एवढं लक्षात असू द्या.

लॉकचं एवढं काय, असं कुणी विचारेल. एकेकटा फोटो पाहिला तर फरक दिसतही नाही. पण सेकंदाला बारा फोटो पळायला लागले आणि प्रत्येकाचा उजेड केसभर वेगळा असला, की अख्खं चित्र शेवटच्या घटका मोजणाऱ्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकतं. पात्राची चाल अडखळली, पाय थोडा सरकला, मागच्या भिंतीला सुरकुती पडली, तरी बघणारा सांभाळून घेतो. लुकलुक सांभाळून घेतली जात नाही. डोळा गोष्टीकडून निघून त्या थरथरीवर जातो आणि तिथेच राहतो.

माझा टाकून दिलेला सीन असा होता. क्लेचं कासव पुस्तकांच्या उतरंडीवरून खाली येतं आणि उजवीकडून कागदाची पांढरी होडी फ्रेममध्ये शिरते. होडीचं टोक दिसेपर्यंत सगळं ठीक होतं. होडी जसजशी आत येत गेली तसतशी मागची निळी भिंत काळवंडत गेली, कासवाच्या पाठीवरची हिरवी ठिपक्यांची नक्षी मातकट झाली, आणि होडी मधोमध आल्यावर कासवाचे डोळे दिसेनासे झाले. कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो बरोबरच वागत होता. पांढरं जास्त दिसलं म्हणून त्याने उजेड उतरवला. एका फोटोसाठी ते योग्य आहे. पण माझ्या गोष्टीत होडी आली म्हणून संध्याकाळ होत नव्हती.

सुरुवातीच्या महिन्यांत मी हे लिहिलं असतं तर सगळा दोष दिव्यांना दिला असता, कारण तेव्हा लुकलुक खरोखर दिव्यांमुळेच होत होती. खिडकीचा उजेड तर स्टॉप मोशनला चालतच नाही. एक सीन घ्यायला दोन-तीन तास जातात, तेवढ्यात ऊन सरकतं, ढग येतो-जातो, आणि पडद्यावर तेच सगळं दहा सेकंदांत होतं. त्यामुळे जाड पडदे लावून फक्त दिव्यांवर काम करणं आलं. दिव्यांचीही तऱ्हा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/३०० सेकंदाला असेल तर त्या चढउताराचा एखादा तुकडाच पकडला जातो, कधी चढाचा, कधी उताराचा. १/१०० किंवा १/५० ला ठेवलं की पूर्ण लाट आत येते. जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे हेच आकडे १/१२० आणि १/६० होतात.

त्याहून बरा उपाय म्हणजे शटर आणखी संथ करायचं. आपली पात्रं फोटो काढताना हलत नाहीत, मग १/१० सेकंद उघडं ठेवायला काय हरकत आहे? अनेक लाटा एकत्र येतात, सरासरी सारखीच पडते, आणि आयएसओ (कॅमेऱ्याने उजेडाला किती दाद द्यायची त्याचा आकडा) अगदी तळाला ठेवता येतो, त्यामुळे गडद भागातले दाणेही जातात. मंद करता येणारे काही एलईडी दिवे आतल्या आत वेगाने चालू-बंद होऊन मंद होतात, ते पूर्ण उजेडावर ठेवावेत आणि तेज कमी हवं असेल तर पुढे बटर पेपर लावावा. बॅटरीवरचे स्वस्त दिवे वापरू नयेत. चार्ज उतरला की तेही हळूहळू उतरतात, आणि ते डोळ्याला नव्हे, थेट फिल्ममध्ये कळतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: आपले कपडे. फिकट शर्ट घालून सेटजवळ उभं राहिलं की त्यावरून उजेड परततो आणि पात्राच्या एका गालावर येतो. पुढच्या फ्रेमला आपण पाऊलभर मागे असलो की तो जातो. गडद कपडे घालावेत आणि प्रत्येक फ्रेमला एकाच जागी उभं राहून बटण दाबावं. माझ्या जमिनीवर त्यासाठी पावलांची पट्टी चिकटवलेली आहे.

आता फोनची बाजू, कारण इथे मला खरंच सुखद धक्का बसला. मोठ्या कॅमेऱ्यावर स्टॉप मोशन करणाऱ्यांना एक वेगळीच लुकलुक छळते. त्यांच्या लेन्समधली, उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी पाती दर फोटोला मिटतात आणि दर वेळी अगदी तंतोतंत तेवढीच मिटत नाहीत. डोळ्याला न कळणारा तो फरक पडद्यावर थरथर होऊन येतो. म्हणून ती मंडळी हाताने छिद्र लावायच्या जुन्या लेन्स शोधतात, किंवा लेन्स किंचित सैल फिरवून कॅमेऱ्याशी तिचा विजेचा संपर्क तोडतात. बहुतेक फोनमध्ये लेन्सचं छिद्र कायमचं एकाच मापाचं असतं. मिटायला पातीच नाहीत, तर चुकणार काय! ज्याला आपण फोनची उणीव समजतो ती या कामात त्याची ताकद आहे.

दुसरी ताकद फोकसची. सेन्सर लहान असल्यामुळे जवळून घेतलं तरी पात्राचं नाक आणि शेपूट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट राहतात. मोठ्या कॅमेऱ्यावर एवढ्या जवळून फोकसची खोली काही मिलिमीटरवर येते आणि मुठीएवढं कासव अर्धं धूसर होतं. आर्डमन या स्टुडिओने २०१० मध्ये जेमतेम ९ मिलिमीटर उंचीच्या पात्राची छोटी फिल्म केली होती, ती नोकियाच्या एन८ फोनला सूक्ष्मदर्शकाची जोड लावून. आजच्या साध्या फोनचा कॅमेराही त्याच्या पुढे गेलेला आहे. म्हणजे अडचण काचेत किंवा सेन्सरमध्ये नाही. अडचण आहे ती मध्ये बसलेल्या, न विचारता सुधारणा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

आता कंपनीबद्दल. अ‍ॅपची पैसे भरायची आवृत्ती मी घेतली ती फक्त आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग जुळवणं) आणि फोकस हाताने लावता यावेत म्हणून. तयार संगीत, चित्रविचित्र फिल्टर, शीर्षकाचे साचे यांपैकी मला काहीही नको होतं. पै-पै जपून एका सोयीसाठी पैसे मोजायचे आणि नेमकी तीच सोय अपडेटने मोडायची, हे सहन होण्यासारखं नाही. मी मेल लिहिला. फोनचं मॉडेल, अपडेटचा क्रमांक, लॉक सुटतो तो नेमका क्षण, लुकलुकणारा व्हिडिओ, सगळं जोडलं. उत्तर आलं, ‘अ‍ॅप काढून टाकून पुन्हा इन्स्टॉल करा.’

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, असा सल्ला मिळाला तर लगेच तसं करू नका. अशा अ‍ॅपमधले प्रोजेक्ट बहुतेक वेळा अ‍ॅपच्याच पोटात साठवलेले असतात. अ‍ॅप काढलं की तेही जातात. फोटो गॅलरीत काही नसतं, कारण फ्रेम तिथे गेलेल्याच नसतात. आधी प्रत्येक प्रोजेक्ट बाहेर काढायचा, दुसऱ्या ठिकाणी उघडून पाहायचा, आणि मगच अ‍ॅपला हात लावायचा. वापरणाऱ्याचं महिनोन्‌महिन्यांचं काम पुसलं जाईल असा सल्ला त्याबद्दल एक ओळही न लिहिता देणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे, आणि मी त्यांना तसंच लिहिलं. पुढच्या मेललाही तेच छापील उत्तर. मग एकदाचं कुणीतरी व्हिडिओ खरोखर पाहिला आणि लॉक सुटत असल्याचं मान्य केलं. दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये येईल म्हणाले. कधी, ते नाही सांगितलं.

तोपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. म्हणून अ‍ॅप बाजूला ठेवून फोनच्या कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये फोटो काढायला लागले. प्रो मोड नसलेल्या फोनला मॅन्युअल कॅमेऱ्याचं वेगळं अ‍ॅप घालता येतं. आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स, फोकस चारही आकडे हाताने लावायचे आणि कागदावर लिहून ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच सीन पुढे नेता येतो. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणारी सोय), नाइट मोड, सीन ओळखून रंग सुधारणारी सोय, चेहरा गुळगुळीत करणारी सोय, हे सगळं बंद. नुसतं स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की लॉक होतो हे खरं, पण त्यात उजेड आणि फोकस येतात. व्हाइट बॅलन्स धरला जाईलच असं नाही. भिंत एका फ्रेमला निळी आणि दुसरीला जांभळट दिसत असेल तर कारण बहुधा हेच. लुकलुक गेली. पूर्ण गेली.

गेली ती लुकलुक, आणि तिच्याबरोबर ओनियन स्किनही. प्रो मोडमध्ये मागची फ्रेम पुसट दिसत नाही. कासव किती हललं हे कळणार कसं? याचं उत्तर जुन्या लोकांकडे आहे. फिल्मच्या रिळावर काम करणाऱ्यांना मागची फ्रेम दिसायचीच नाही. रीळ धुऊन येईपर्यंत काय झालंय ते कळायचं नाही. ते सरफेस गेज वापरायचे. जड बैठकीवर उभी दांडी, दांडीला फिरती अणकुचीदार सुई. सुईचं टोक पात्राच्या नाकाला टेकेल न टेकेल असं ठेवायचं, मग पात्र हलवायचं, आणि टोक ते नाक यातलं अंतर पाहून किती हललं ते मोजायचं. मोजून झालं की गेज फ्रेमबाहेर काढायचा आणि फोटो घ्यायचा. मी तो जाड तार आणि क्लेच्या गोळ्यावर केला. गोळ्यात वजन म्हणून नट-बोल्ट दाबले.

आणि इथे माझं मत बदललं. ओनियन स्किनशिवाय काम अशक्य आहे असं मी महिनोन्‌महिने धरून चालले होते. गेजवर केलेली चाल आधीच्या चालीपेक्षा चांगली आली. त्याचं कारण असं दिसतं की ओनियन स्किनवर आपण स्क्रीनवरच्या दोन पुसट कडांमधलं अंतर सारखं ठेवत राहतो, आणि सारखं अंतर म्हणजे सारखा वेग, म्हणजे निर्जीव चाल. कासव मान बाहेर काढताना सुरुवातीला जरा जरा सरकायला हवं, मध्ये मोठी झेप, शेवटी पुन्हा जरा जरा. गेजच्या सुईसमोर डोळे नेऊन बसलं की ते अंतर प्रत्यक्ष दिसतं, बोटांना कळतं. मानेच्या एका हालचालीत सुरुवातीला दीड मिलिमीटर, मग तीन, मग सहा, मग पुन्हा तीन, असं मी टिपून ठेवलेलं आहे. शिवाय हालचाल संपल्यावर सहा-आठ फ्रेम पात्राला अजिबात हात लावायचा नाही. तेवढ्या थांब्यात पात्र विचार करतंय असं वाटतं. अ‍ॅपमध्ये काम करताना हात सारखा शिवशिवतो आणि हे थांबे खाल्ले जातात.

आपल्याकडे या कामाची आठवण जुनी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रित करून पडद्यावर भराभर वाढवून दाखवलं होतं आणि त्या बळावर भांडवल मिळवलं होतं. त्यांचा कॅमेरा स्वतःहून काहीच करत नव्हता. छिद्र जेवढं ठेवलं तेवढं राही. आजच्या फोनकडून मला एवढंच हवंय, आणि नेमकं तेच त्याच्याकडून मिळवायला इतक्या खटपटी लागतात.

बाकी साहित्याबद्दल थोडक्यात. स्टँडला पैसे घालावेत, अ‍ॅपच्या फिल्टरला घालू नयेत. फोनची पकड घट्ट आणि पाय जड हवेत. पाय हलके असतील तर खाली वजन टांगावं. स्क्रीनला बोट लावून फोटो काढायचाच नाही. ब्लूटूथचं छोटं बटण सगळे सुचवतात, मला ते पटलं नाही. पात्र नीट करण्यात पाच-दहा मिनिटं गेली की ते झोपी जातं, मग पुन्हा जोडणी. आवाजाचं बटण असलेले तारेचे इयरफोन अनेक फोनवर शटरचं काम करतात आणि कधी झोपत नाहीत. फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा हे खरं, पण गजर त्यातही वाजतो आणि फोन थरथरवतो, तेव्हा गजरही बंद करायचा. चार्जरची तार आधीच लावून टेबलाला चिकटवून टाकायची. सीनच्या मध्यावर तार खुपसली की फ्रेम सरकलीच समजा. कव्हर काढून ठेवलं तर फोन कमी तापतो, आणि तापलेला फोन स्क्रीन मंद करतो. माझ्या लॉकचं भांडण जिथून सुरू झालं ते याच मंद स्क्रीनवरून, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

एक दोष असा आहे की त्यावर पूर्ण इलाज मला मिळालेला नाही. फोटो हलू नये म्हणून बऱ्याच फोनची मुख्य लेन्स आत तरंगती ठेवलेली असते. स्टँडवर फोन अगदी स्थिर असला तरी ती दर फोटोला त्याच जागी विसावेल याची खात्री नसते, आणि फार जवळून घेतलेल्या सीनमध्ये चित्र हलकेच डुलतं. मी सीन थोडा लांबून घेते आणि एडिटिंगमध्ये कापते. फोटो १२ मेगापिक्सेलचा आणि फिल्म १९२० बाय १०८० ची, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेलची, त्यामुळे कापायला भरपूर जागा असते आणि डुलणं दुरुस्त करायलाही. जवळ गेलं की आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारणारी मॅक्रोची सोय असेल तर ती आधी बंद करावी. सीनच्या मधोमध कोन बदलला तर दुरुस्ती नाही.

जागेचा हिशोबही आधी करावा. १२ फ्रेमच्या वेगाने एक मिनिट म्हणजे ७२० फोटो. फोटोमागे तीन-चार एमबी धरले तर दोन ते तीन जीबी. फोन भरत आला की कॅमेरा रेंगाळतो, म्हणून मी प्रत्येक सीन संपला की फोटो संगणकावर उतरवते आणि तिथे क्रमांकाने लावून फिल्म करते. पात्रांसाठी न वाळणारा तेलकट क्ले बरा, पण दिव्याखाली तो मऊ पडतो, त्यामुळे दिवा लांब. पांढरा क्ले सगळ्यात आधी, स्वच्छ हातांनी मळायचा. आतल्या सांगाड्याला अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घालायची आणि गुडघ्यासारख्या सारख्या वाकणाऱ्या जागी ती तुटणार हे धरून सुटा पाय तयार ठेवायचा.

तर दुरुस्तीचं अपडेट शेवटी आलं. आता स्क्रीन मंद झाली तरी लॉक टिकतो, मी पांढरा कागद फ्रेममध्ये आत-बाहेर सरकवून तपासलं. भिंतीचा रंग हलला नाही. तोंडाचे आकार बदलायचे असतात तिथे, म्हणजे ओठांचे सुटे तुकडे त्याच जागी बसवायचे असतात तिथे, ओनियन स्किनला तोड नाही आणि त्या सीनसाठी मी अ‍ॅपकडे परत गेले आहे. चालीसाठी प्रो मोड आणि गेजच. नव्याने सुरू करणाऱ्याने पैसे भरण्याआधी हीच कागदाची चाचणी फुकटच्या आवृत्तीत करून बघावी. त्यात हाताने लॉक लावताच येत नसेल तर पैसे भरून तो कसा निघेल याची खात्री कुणी देत नाही.

कंपनीकडे माझी एक मागणी अजून पडून आहे. पूर्ण फिल्म बाहेर काढता येते, पण सुट्या फ्रेम मूळ आकारात एकगठ्ठा काढायच्या तर आता दरमहा पैसे मागतात. मी घेतली तेव्हा ही सोय एकरकमी आवृत्तीतच होती. एकदा विकलेली सोय काढून घेऊन पुन्हा विकणं मला मान्य नाही, आणि ती परत मिळेपर्यंत मी पाचपैकी दोनच तारे देणार आहे.